कृती कोणाची? एका अरिष्टाची कुळकथा

गेल्या फेब्रुवारीत, नाशिकच्या बाजारात द्राक्षांचे क्रेट उतरू लागले होते तेव्हा, अमेरिकेतून माझ्या भाच्याचा फोन आला. तो ऑरेगन राज्यात राहतो आणि तिकडच्या बऱ्याच लोकांप्रमाणे हौसेने घरी बिअर करतो.

"मामा, एक संदर्भ हवाय," तो म्हणाला. "वैद्यबुवांचं द्राक्षारिष्ट तुम्ही पूर्वी छापलं होतं ना? त्यातले मसाले मी बिअरला लावून पाहिले. काळ्या मनुका आणि गूळही घातला. बिअर जमली. आता आमच्या मंडळाच्या पुस्तिकेत ती कृती छापायची आहे. 'मूळ कृती कोणाची' असा रकाना आहे. तिथे तुमचं नाव लिहू ना?"

मी त्याला म्हणालो, "थांब, दोन दिवसांनी सांगतो." दोन दिवसांचे पुढे आठ महिने झाले. त्या रकान्यात काय लिहावे, याचा शोध म्हणजे हा लेख. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. भाच्याचा उद्योग त्याच्या देशात कायदेशीर आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. तेव्हा या लेखात कृती शोधू नये. कृतीचे धनी कोण, एवढाच प्रश्न इथे आहे.

मी गाळलेल्या तीन ओळी

मी संस्कृतचा पदवीधर नाही. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक वाचनालयात बसून जे सापडेल ते वाचतो. जुन्या नाशकात आम्ही राहत होतो त्या वाड्यात एक वृद्ध वैद्य होते. आपल्या रुग्णांपुरती औषधे ते स्वतः करत. मला या विषयाची गोडी आहे हे पाहून त्यांनी एकदा आपल्या वहीतले द्राक्षारिष्टाचे पान उतरवून घेऊ दिले. ते गेल्यानंतर, २००९ साली, एका स्थानिक साप्ताहिकासाठी मी द्राक्षांवर लेख लिहिला आणि त्यात ती कृती वजनामापांसह दिली. खाली लिहिले : 'जुन्या नाशकात प्रचलित.'

अंक निघाल्यावर आठवड्याने वैद्यबुवांच्या कन्या घरी आल्या. रागावल्या नाहीत. चहा घेतला, लेख छान झालाय म्हणाल्या आणि पिशवीतून ती वही काढून माझ्यासमोर उघडी ठेवली. "सगळं बरोबर उतरवलंयत. फक्त बाबांचं नाव राहिलं. आणि बाबांनी ज्यांची नावं लिहिली होती, तीही राहिली."

पानाच्या डोक्यावर तीन ओळी होत्या. पहिली : 'शार्ङ्गधर, मध्यमखंड, अध्याय १०.' दुसरी : 'गूळ निम्मा, गुरुजींचे सांगणे.' तिसरी वेगळ्या शाईत होती : 'धायटी, स्वानुभव.' मी त्या पानावरचे एकेक वजन टिपले होते आणि नेमक्या याच तीन ओळी गाळल्या होत्या. तेव्हा मला त्या कृतीचा भाग वाटल्याच नव्हत्या.

स्टोअर्समध्ये साधा बोल्ट आला तरी तो कोणाकडून आला याची नोंद केल्याशिवाय मी तो फळीवर ठेवत नाही. इथे मात्र अख्खा माल बेनामी करून टाकला होता. 'प्रचलित' हा शब्द मोठा सोयीचा असतो. तो खोटा नसतो, पण ज्या माणसाने आपल्या हातात वही दिली त्याला तो पुसून टाकतो.

नवे किती, जुने किती

मूळ कोणाचे हे ठरवायचे तर आधी बदलले काय ते पाहावे लागते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडाचा दहावा अध्याय आसव-अरिष्टांचा आहे. औषधे न उकळता, पाण्यात तशीच आंबवली की आसव आणि आधी काढा करून मग आंबवला की अरिष्ट, हा भेद तिथेच सांगितला आहे. ज्या अरिष्टांचे माप ग्रंथात दिलेले नसेल त्यांच्यासाठी एक सर्वसाधारण कोष्टकही आहे : एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि वरून टाकायची चूर्णे एक दशांश. हे कोष्टक म्हणजे सगळ्या अरिष्टांचा पाया. त्यावर कोणा एकाची मालकी सांगणे म्हणजे पोळीच्या कणकेवर हक्क सांगण्यासारखे आहे.

द्राक्षारिष्टाचे माप मात्र स्वतंत्र दिले आहे. द्राक्षे, म्हणजे व्यवहारात मनुका, अर्धी तुळा आणि गूळ दोन तुळा. तुळा म्हणजे शंभर पल, म्हणजे मनुकांच्या चौपट गूळ. काढा चौथाई उरेपर्यंत आटवायचा, गाळून थंड करायचा, मग गूळ आणि दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, गव्हला, मिरी, पिंपळी, वावडिंग यांची चूर्णे घालायची.

आता वहीतली दुसरी ओळ पाहू. द्रवात साखर फार दाट झाली की यीस्टच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि आंबण्याचे काम मंदावते किंवा अडते. मुरंबा टिकतो तो याच कारणाने. गूळ निम्मा करण्याचा गुरुजींचा सल्ला म्हणजे कंजूषपणा नव्हता. अडलेले आंबवण चालते करण्याचा तो उपाय होता. तिसऱ्या ओळीतल्या धायटीचेही तसेच. शार्ङ्गधराच्या या यादीत धायटी नाही, पण दुसऱ्या अनेक आसवांत ती येते. आपल्या सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर लाल फुलांनी लगडणारे हे झुडूप. त्याच्या मधाळ फुलांवर रानातले यीस्ट वस्तीला असते, शिवाय फुलांचा तुरटपणा पेयात उतरतो. म्हणजे वैद्यबुवांनी आठ चूर्णांत नववे नुसते मिसळले नव्हते, आंबवणारा कारागीरच आणून बसवला होता.

यावरून एक गोष्ट कळते. तीन गोष्टी बदलल्या की कृती आपली होते, असा एक समज पाककृती लिहिणाऱ्यांत आहे. पण बदल मोजून नवेपणा ठरत नाही. भाच्याने मला बिअरचे उदाहरण दिले. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवताना पाणी ६५ अंशांच्या खाली ठेवले तर बिअर हलकी आणि कोरडी होते. तेच ६९-७० अंशांवर नेले तर ती भरीव, गोडसर होते. सामानाची यादी तीच, वजने तीच, पेय वेगळे. उलट दालचिनीऐवजी जायफळ घातले तर यादी बदलते, पेयाचा स्वभाव फारसा बदलत नाही. बदल कुठे केला आणि का केला, हे सांगता आले तरच तो आपला.

ज्यांनी नोंद ठेवली

आपल्याकडे कृतींना मालक नसतो, सगळे परंपरेचे असते, असे आपण अभिमानाने म्हणतो. २००९ साली मीही हेच म्हणालो असतो. ग्रंथ उघडून पाहिल्यावर चित्र वेगळे दिसले.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातला पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा, म्हणजे अबकारी अधिकाऱ्याचा. त्यात मद्यांच्या कृती मापांसह आहेत. मेदक नावाच्या मद्याला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एकाच मापात मांडले तर पाणी सोळा, तांदूळ दोन, किण्व तीन. किण्व म्हणजे आंबवणाचे विरजण. ते कसे करायचे, हेही पुढे दिले आहे. गृहस्थाला विशेष प्रसंगी घरी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायला मुभा आहे. घरगुती मद्याचा परवाना इतका जुना आहे!

मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. अरिष्टांपाशी आल्यावर कौटिल्य स्वतः मापे देत नाही. ती वैद्यांनी ठरवल्याप्रमाणे घ्यावीत, असे सांगून पुढे जातो. हे काम आपले नाही, त्याचे जाणकार वेगळे आहेत, अशी ती कबुली आहे. ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात पूर्वाचार्यांची अर्थशास्त्रे एकत्र करून हे शास्त्र रचले असे तो म्हणतो. पुढे वादाच्या जागी अमक्यांचे मत असे, तमक्यांचे असे, अशी नावे घेतो आणि शेवटी स्वतःच्या नावाने आपले मत देतो. आपले मत ठासून सांगायला दुसऱ्यांची नावे खोडावी लागत नाहीत.

चरकसंहितेत तर याची पद्धतच बसवलेली दिसते. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवांची मोजदाद आहे : धान्यांची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, गाभ्याच्या लाकडाची वीस, फुलांची दहा, कांडांची चार, पानांची दोन, सालींची चार आणि साखरेचे एक. पण माझे लक्ष अध्यायाच्या शेवटच्या ओळीकडे गेले. हे तंत्र अग्निवेशाने केलेले आणि चरकाने प्रतिसंस्कृत केलेले आहे, अशी नोंद अध्यायाअध्यायाच्या शेवटी येते. पुढे दृढबल येतो. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने आपण पूर्ण केली, असे तो सांगतो आणि त्या भागात 'दृढबलसंपूरित' अशी तिसरी नोंद चढते.

कृत, प्रतिसंस्कृत, संपूरित. केलेले, नव्याने घडवलेले, भर घालून पुरे केलेले. तीन माणसे, तीन वेगळी कामे, तीन वेगळी क्रियापदे. कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही. प्रतिसंस्कार करणाऱ्याचे काम कोणते, हेही सांगितले आहे. जे अगदी थोडक्यात आले असेल ते फुलवायचे, जे पाल्हाळाचे असेल ते आवरायचे आणि जुने शास्त्र पुन्हा नवे करायचे. दृढबल आपल्या भरीला दिलेली उपमा तर शेतातली आहे. कापणीनंतर पडून राहिलेले दाणे आणि कणसे वेचावीत तसे आपण अनेक तंत्रांतून वेचले, असे तो म्हणतो. आपल्या खेड्यांत यालाच सरवा वेचणे म्हणतात. सरवा वेचणाऱ्याच्या टोपलीतले धान्य त्याच्या कष्टाचे असते. शेत मात्र दुसऱ्याचे होते, हे तो विसरत नाही.

वैद्यबुवांच्या वहीतल्या त्या तीन ओळी मला आता नीट वाचता आल्या. पहिली ओळ 'कृत', दुसरी 'प्रतिसंस्कृत', तिसरी 'संपूरित'. आपण एक मोठी रीत पाळतो आहोत, हे त्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्यांनी ती पाळली होती खरी.

बिअरच्या मुलखात

भाच्याच्या मुलखातही हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनजवळच्या बो इथला हॉजसन हिंदुस्थानात जाणाऱ्या जहाजांवर आपली फिकी, कडसर बिअर चढवत असे. १८२२ च्या सुमारास त्याचा नमुना बर्टन गावच्या ऑलसॉपकडे पोचला. ऑलसॉपच्या माणसाने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, अशी दंतकथा आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ उतरला आणि नक्कल अस्सलाच्या पुढे गेली. आज 'इंडिया पेल एल' हे नाव जगभर आहे. त्यात ती जिथे प्यायली गेली त्या देशाचे नाव आले, हॉजसनचे मागे पडले. ऑलसॉपने काही गुन्हा केला असे मी म्हणत नाही. बर्टनच्या पाण्याचे श्रेय बर्टनचेच. पण नमुना कोणाचा होता, हे सांगायला एक ओळ पुरली असती.

दुसरे उदाहरण उलट आहे. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन याने बिअरच्या यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. कंपनीने ती दडवून ठेवली नाही, दुसऱ्या मद्यशाळांनाही दिली. त्या यीस्टच्या शास्त्रीय नावात कार्ल्सबर्गचे नाव कोरले गेले. वाटून टाकल्याने नाव बुडत नाही, उलट वाटलेल्या प्रत्येक ठिकाणी ते जाऊन पोचते.

अमेरिकेत घरी बिअर करणे संघराज्याच्या कायद्याने मोकळे झाले ते १९७८ च्या दुरुस्तीने. त्याआधी लोक चोरून करत. चोरून केलेल्या गोष्टीवर कोणी सही करत नाही. कायदा बदलल्यावर पुस्तके आली, मंडळे आली, स्पर्धा आल्या आणि त्यांच्याबरोबर 'मूळ कृती कोणाची' हा रकाना आला.

कायदा काय म्हणतो

कायद्याकडून मला फार अपेक्षा होती. ती निम्मीच पुरी झाली. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले, की कल्पनेवर, विषयावर, कथानकावर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर असतो. अमेरिकेत १९९६ साली दह्याच्या पाककृतींच्या एका पुस्तकावरून खटला झाला. तिथल्या अपील न्यायालयानेही सामानाच्या याद्या आणि साध्या सूचनांना संरक्षण दिले नाही. म्हणजे चार वाट्या आणि दोन चमचे ही वस्तुस्थिती, ती कोणीही घ्यावी. त्याभोवती लेखकाने लिहिलेले वर्णन मात्र त्याचे. कायद्याच्या नजरेत मी २००९ साली काहीच चुकलो नव्हतो.

पण एका जागी आपला कायदा मला अनपेक्षित भेटला, औषधाच्या बाटलीवर. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या पहिल्या परिशिष्टात आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांची यादी आहे. या ग्रंथांतल्या औषधांच्या लेबलासाठी नियम १६१ आहे. घटकांची यादी आणि प्रमाण तर द्यावेच, पण ते औषध कोणत्या प्रमाण ग्रंथातल्या, कोणत्या अधिकरणातल्या कृतीने केले त्याचा निर्देशही करावा, असे तो सांगतो. वाचनालयातून घरी येऊन मी कपाटातली द्राक्षारिष्टाची बाटली चष्मा लावून वाचली. बारीक अक्षरांत शार्ङ्गधरसंहितेचे नाव होते. ज्या श्रेयाला साहित्याच्या कायद्यात जागा नाही, त्याला औषधाच्या कायद्यात आहे. कारण तिथे प्रश्न मानाचा नाही, भरवशाचा आहे. कृती कुठून आली हे कळले, तर ती तपासता येते. काही बिघडले, तर कुठे बिघडले ते शोधता येते.

संदर्भाचा खरा उपयोग हाच असावा, असे मला वाटते. श्रेय देणे हा शिष्टाचार आहेच, पण तो वाचणाऱ्याच्याही सोयीचा आहे. माझ्या २००९ च्या लेखातला कमी गूळ पाहून एखाद्या जाणकाराला वाटले असेल, की माप चुकले. 'गुरुजींचे सांगणे' ही ओळ असती, तर ते माप जाणून बदलले आहे हे त्याला कळले असते.

वहीतली नावे

हे सारे शोधत असताना मी आईची पाककृतींची वही काढली. प्रत्येक घरात अशी एक असते : कडेला तेलाचे डाग, मध्ये कापून चिकटवलेली मासिकातली कात्रणे. त्यात शीर्षके अशी : 'नलूच्या चकल्या', 'वन्संचा गोडा मसाला', 'नगरच्या मावशींचे मेतकूट'. आईचे शिक्षण सातवीपर्यंतचे. संदर्भ द्यावा असे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने तो शीर्षकातच दिला होता. एका पानावर 'नलूच्या चकल्या'खाली लिहिले आहे : 'मी लोणी कमी घालते.' कृत आणि प्रतिसंस्कृत, दोन ओळींत.

छापील पुस्तकांतही हा धागा दिसतो. १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून मराठीत पाककृती छापल्या जात आहेत. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. पुरणपोळी कमलाबाईंनी शोधली असे कोणी म्हणणार नाही आणि त्यांचे श्रेय कमी आहे असेही कोणी म्हणणार नाही. 'अंदाजाने' घालायच्या गोष्टी त्यांनी वाटी-चमच्यात बांधून दिल्या आणि घरापासून दूर पडलेल्या मुलीसुनांच्या हाती नेमके माप ठेवले. हा प्रतिसंस्कारच. असा प्रतिसंस्कार मूळ निर्मितीइतकाच मोलाचा असू शकतो. मात्र त्याला त्याच नावाने ओळखले पाहिजे.

रकाना भरताना

शेवटी मी भाच्याला फोन केला. माझे नाव लिहू नकोस, म्हणालो. रकाना एकच असेल तर तो लहान पडेल, तीन ओळी लिहायची परवानगी माग. बिअरचा सांगाडा त्याने ज्या अमेरिकी लेखकाच्या पुस्तकातून घेतला त्याचे आणि मसाल्यांसाठी शार्ङ्गधरसंहितेचे नाव पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीत वैद्यबुवा, त्यांच्या नावानिशी, कन्येची परवानगी घेऊन. त्यांच्या गुरुजींचे नाव वहीत नाही, म्हणून 'त्यांचे गुरुजी' असे. तिसऱ्या ओळीत भाच्याने स्वतः काय बदलले ते. धायटी तिकडे मिळाली नाही म्हणून त्याने बाजारातले यीस्ट वापरले. तेही लिहायला सांगितले, नाहीतर उद्या कोणी ती चव द्राक्षारिष्टाची समजेल.

"एवढं सगळं? लोक हसतील, मामा," तो म्हणाला.

"हसू देत. पण तुझी ओळ तिसरी आहे आणि ती कोणी खोडू शकणार नाही."

परवानगी मागायला मी वैद्यबुवांच्या कन्येकडे गेलो. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. ज्या साप्ताहिकात माझा लेख आला होता ते केव्हाच बंद पडले. त्यामुळे दुरुस्ती छापायला जागा उरली नव्हती, ती या लेखाने करतो आहे. त्यांनी वही पुन्हा बाहेर काढली आणि यावेळी ती माझ्या हातात न देता स्वतःच वाचून दाखवली : आधी तीन ओळी, मग वजने.

मी त्याच क्रमाने लिहून घेतले.